घरचं, पाहुणं, परकं

टोपी

आधी केस आत जातात. कानामागची एक बट जरी बाहेर राहिली तरी टोपी काढायची, टाकून द्यायची आणि नवी घ्यायची. ती हे इतकी वर्षं करत आली होती, की घरी ओल्या केसांना टॉवेल गुंडाळतानाही तिचं बोट आपसूक कानामागे फिरून यायचं.

तिचं काम करायला किचकट आणि सांगायला त्याहून अवघड. अवकाश संस्थेतून यानं जायची, दुसऱ्या ग्रहांवर, त्यांच्या चंद्रांवर, तिथे कोणी जिवंत आहे का ते बघायला. त्या यानांबरोबर आपल्याकडचं काही जिवंत जाऊ नये, हे तिनं बघायचं. कापसाचा बोळा ओला करायचा, यानाच्या भागावरून फिरवायचा, काचेच्या बशीतल्या जेलीवर टेकवायचा, बशी उबेत ठेवायची आणि वाट बघत बसायचं. जेलीवर ठिपके उगवले, की ते जंतू कोणाच्या अंगावरून आले ते हुडकून काढायचं.

नात्यागोत्यात कोणी विचारलं, "सूनबाई नेमकं काय करते?" तर सासूबाई तिला तोंड उघडू देत नसत. "दुसऱ्याच्या घरी जाताना आपण पाय पुसून जातो ना? ही दारात पायपुसणं घेऊन उभी असते."

याहून चांगलं तिला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं.

मास्क

नाक आणि तोंड. वरची तार नाकावर दाबायची. मास्क चढला की बोलणं कमी होतं आणि शब्द आखूड होतात.

त्यामुळेच असेल, पण संस्थेच्या कागदांवर जिथे चार-चार ओळींची वर्णनं होती, तिथे प्रयोगशाळेत तीन शब्दांवर भागायचं. बशीत उगवलेलं आपल्यापैकीच कोणाच्या तरी अंगावरचं निघालं, तर ते घरचं. इथलंच दिसतंय पण कोणाचं ते लागत नाही, ते पाहुणं. आणि तिसरा शब्द परकं. म्हणजे इथलं नव्हेच. या मातीचं, या पाण्याचं, या हवेचं नव्हे.

तिसरा शब्द कधी वापरायची वेळ आली नव्हती. तो उच्चारायचा मान प्रमुखांचा, असं कोणी न ठरवता ठरून गेलं होतं. त्या दिवसासाठी म्हणून त्यांनी तरुणपणी एक कोट शिवून घेतला होता. तो त्यांच्या खोलीतल्या कपाटात लटकत असे, आणि आता त्याचं बटण पोटावर लागत नव्हतं.

त्याच मजल्यावर दुभाष्या बसायचा. शिकलेला भाषाशास्त्रज्ञ, परक्यांनी कधी काही कळवलंच, तर त्यांच्याशी बोलणं कुठून सुरू करायचं, हे ठरवायला त्याला घेतला होता. कोणी काही कळवलं नव्हतं. तो शब्दकोडी सोडवायचा, इतरांच्या टेबलांवर जाऊन बसायचा आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांत आधी डबा उघडायचा.

आणि खालच्या मजल्यावर, स्वच्छ खोलीत, जोडारी.

होता.

झगा

झगा पायांतून वर ओढायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही. एका पायावर उभं राहून दुसरा घालायचा, मग उलट. तोल गेला की भिंतीला हात लावायची परवानगी नाही.

जोडारी म्हणजे तिचा नवरा. यानाचे सुटे भाग एकमेकांत बसवणं हे त्याचं काम. दूरच्या एका ग्रहाच्या बर्फाळ चंद्रावरून नळ्यांमध्ये बर्फ भरून आणायची एक पेटी होती, ती त्याने जोडली. शेवटचा स्क्रू त्याचा. पेटी वर गेली. ती वाटेत असताना इकडे त्याच्या रक्ताने दगा दिला आणि एका हिवाळ्यात तो गेला. पेटीला याची गंधवार्ता नव्हती. ती ठरल्याप्रमाणे उतरली, बर्फ भरून घेतला, निघाली आणि बऱ्याच वर्षांनी परत आली.

आणि एका नळीतल्या पाण्यातून बशीत काहीतरी उगवलं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर मटार सोलत बसल्या होत्या आणि दाणे सालांत, सालं दाण्यांत टाकत होत्या.

"अगं, तुमच्या त्या पेटीत जीव सापडला म्हणे."

"अजून नक्की नाही, आई."

"प्रमुख स्वतः बोलले की. म्हणाले, ही पेटी जोडणारा आज हयात नाही, पण जे सापडलंय त्याला त्याचंच नाव द्यावं अशी आमची इच्छा आहे." वाक्य त्यांचं पाठ झालं होतं.

"आई, मी हात धुवून येते."

"धू बाई. तुझं तेवढं झालं की मग बोलू."

ती हात धुवून आली. कोपरापर्यंत, सवयीने. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला होता, चित्र तसंच हलत होतं.

"शाळेच्या पुस्तकात येईल का गं नाव?"

"येईल. परकं ठरलं तर येईल."

"मग ठरवा की. तुमच्याच हातात आहे ना सगळं?"

होतंच तिच्या हातात. नळीत कोणाच्या अंगावरचं काही शिरलंय का, हे तपासून सांगायचं काम तिचं. तिने घरचं म्हटलं नाही, की तिसरा शब्द उच्चारायला प्रमुख मोकळे.

बूट

बूट घालताना वाकावं लागतं. तेवढ्या वेळात कोणी कोणाचं तोंड बघत नाही. नवरा गेल्यावर तिने जे काही रडून घेतलं, ते इथेच, बुटांच्या नाड्यांशी. घरी सासूबाईंना वाटायचं, सून दगडाची आहे.

हातमोजे, पहिला जोड

सुरुवातीला ठिपके दुधाळ होते. दुधाळ काय, निम्मे जंतू असतात. रंग भरायला वेळ लागतो. चार-पाच दिवसांनी ती पुन्हा बशी बघायला गेली आणि काचेवर वाकली.

पिकल्या जर्दाळूचा रंग. कडेला झालर, बारीक, लहान मुलींच्या फ्रॉकला लावतात तशी.

ती वाकलेलीच राहिली.

संस्थेत नवा माणूस आला, की त्याच्या तळहाताचा नमुना घेऊन ठेवतात. पुढे कुठे काही उगवलं तर ताडून बघायला. जोडारी आला तेव्हा नमुना घ्यायला तीच होती. तिने त्याच्या हातावरून बोळा फिरवला, बशी उबेत ठेवली, आणि बशीत काही म्हणजे काही उगवलं नाही. असा हात तिने जन्मात पाहिला नव्हता. पुढे ओळख वाढली तेव्हा त्याने कबूल केलं, की त्या दिवशी तो तीनतीनदा हात घासून आला होता. जंतुनाशकाने, ब्रशने, नखांखालूनसुद्धा.

"का पण?"

"आदल्या दिवशी तुला कँटीनमध्ये पाहिलं होतं. म्हटलं, उद्या ही हात हातात घेणार आहे, तर जरा बरा असावा."

"अरे, आम्हाला मळकाच हवा असतो."

"हे तू आधी सांगायचं होतंस."

मग तिने गंमत म्हणून त्याला न धुतलेला हात एका बशीवर दाबायला लावला. चार-पाच दिवसांनी बशीत पाच बोटं उगवली. जर्दाळूच्या रंगाची, झालरीची. असलं तिला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

"तुझ्या हाताला जर्दाळू लागतात," ती म्हणाली.

"मग धुऊ की नको, बोळेबाई?"

लग्न ठरलं तेव्हा तो सगळ्यांना सांगत सुटला, की ही बाई माझ्या मागे लागली ती अक्षरशः हात धुऊन. लोक हसायचे. हात नेमके कोणी धुतले होते, ते त्या दोघांनाच माहीत होतं.

नोंदीतला नमुना बदलायचा राहून गेला. आज बदलू, उद्या बदलू. आपल्याच माणसाचा तर हात, कुठे पळून जातोय. जोडारी, काही उगवलं नाही, असंच तिथे राहिलं. आणि गमतीची बशी तिनेच नंतर वाफेत घालून टाकून दिली.

म्हणजे हा रंग ओळखतील अशी सगळ्या जगात दोन माणसं. त्यातलं एक...

हातमोजे, दुसरा जोड

दुसरा जोड पहिल्याच्या वरून चढवायचा. या दोन थरांतून ऊन, गार, ओलं, कोरडं काही कळत नाही. फक्त धरलंय एवढं कळतं.

बैठकीत प्रमुख उभे राहूनच बोलत होते.

"त्याची जनुकं वाचून झाली. इथल्या जंतूंशी नातं दिसतंय. पण आपल्या नोंदीतल्या एकाशीही जुळत नाही, कुठल्याच पुस्तकात नाही. मला विचाराल तर हे चुलत नातं आहे. फार फार पूर्वी एकाच घरातून बाहेर पडलेली दोन भावंडं."

"म्हणजे वाटण्या झाल्या आणि धाकटा तिकडे राहायला गेला," दुभाष्या म्हणाला.

"हसा. हसून झालं की त्याच्याशी काय बोलायचं ते सांगा. तुमचं खातं आहे ते."

"सर, जंतू आहे तो. काय म्हणू त्याला? या, बसा, प्रवास बरा झाला ना?"

सगळे हसले. तिने समोरच्या पेल्यातलं पाणी संपवलं.

"बाई, तुमचं काय म्हणणं?"

"नोंदीत जुळत नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं. हातचं राखून खरं होतं.

"म्हणजे पुढे जायला तुमची हरकत नाही."

"थोडे दिवस द्या, सर. मला एकदा ताडून बघायचंय."

"कशाशी? नोंदीत नाही म्हणालात ना?"

तिने रिकामा पेला बाजूला सरकवला. प्रमुखांनीच हात हलवला. "घ्या. एवढी वर्षं थांबलो, आणखी थोडे दिवस."

बाहेर पडताना दुभाष्या तिच्या कानाशी आला. "ताई, कोट शिंप्याकडे गेलाय. पोटावर सैल करायला."

मधली खोली

दोन दारांच्या मधली खोली. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. इथे नुसतं उभं राहायचं आणि छतातून येणाऱ्या वाऱ्याला अंगावरची धूळ नेऊ द्यायची. करण्यासारखं काही नसतं, म्हणून माणूस विचार करतो.

टिकलं कसं, याचं तिला नवल नव्हतं. काही जंतू स्वतःभोवती कवच करून घेतात आणि त्यात वर्षानुवर्षं झोपून राहतात. आत गेलं कसं?

असं: शेवटच्या स्क्रूच्या वेळी त्याच्या हातमोज्याला टाचणीएवढं भोक पडलं. त्याला कळलं नाही.

किंवा असं: भोक पडलं आणि त्याला कळलं. नियमाप्रमाणे सगळं उघडून पुन्हा धुवायला हवं होतं. पण तो दमला होता. तेव्हा तो फार लवकर दमू लागला होता, आणि तिला वाटायचं, काम जास्त पडतंय. त्याने मोजा बदलला आणि पुढे गेला.

किंवा असं.

नाही. तिसरं असं काही नाही. तो तसा माणूस नव्हता. पेटी बंद करून आला त्या संध्याकाळी सोफ्यावर पाय लांब करून तो म्हणाला होता, "मला कोण नेणार तिथे? शेवटचा हात तरी फिरवला." शेवटचा हात फिरवणं म्हणजे काम पुरं करणं. सगळे जोडारी असंच बोलतात.

वारा थांबला. समोरच्या दारावरचा दिवा हिरवा झाला.

आत

एका आठवणीवर कोणी घरचं-परकं ठरवत नसतं. ताडून बघायला त्याचं काहीतरी हवं होतं. कंगवा, घड्याळाचा पट्टा, चष्मा, सगळं होतं घरात; पण सगळं तिनेच पुसून, उकळून, नीट गुंडाळून ठेवलेलं. धंद्याची खोड. तिच्या स्वतःच्या हातांवर तर काही उगवतच नसे. इतकी वर्षं जंतुनाशकात बुडालेले हात. एवढा संसार केला आणि त्याचा एक ठिपका तिच्या अंगावर राहिला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिची नजर मटार सोलणाऱ्या हातांवर पडली.

"आई, हात द्या जरा."

"का? भविष्य बघतेस?"

"बोळा फिरवायचाय."

"थांब, धुवून येते."

"नको." ती एवढ्या जोरात म्हणाली, की सासूबाईंच्या हातातली शेंग निसटली. "धुऊ नका. आहेत तसे द्या."

"या घरात पहिल्यांदाच कोणी मला हात धुऊ नको म्हणतंय," सासूबाई म्हणाल्या आणि दोन्ही तळवे पुढे केले, छडी खायला करावेत तसे.

कामावरून आणलेल्या बशीवर तिने बोळा टेकवला आणि ती फ्रिजच्या मागे ठेवली, तिथे ऊब असते. सासूबाई येता-जाता डोकावत, अंड्यातून पिल्लू बाहेर आलं का बघावं तसं. आधी दुधाळ ठिपके आले. मग रंग भरला.

"अगंबाई, गोड रंग आहे," सासूबाई म्हणाल्या. "काय गं हे?"

तिने बशीवर झाकण घातलं. बशी पिशवीत घालून कामावर नेली आणि दोन्हीकडचे ठिपके यंत्राला वाचायला दिले. यंत्राला दोघांत फरक सापडला नाही. म्हणजे सापडला तो लांबच्या प्रवासाने पडावा तेवढाच. मग घरी येऊन ती फ्रिजशेजारी जमिनीवरच बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कँटीन, घासलेले हात, पाच बोटं, सगळं.

सासूबाईंनी आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"म्हणजे तिकडून आलं ते त्याचं आहे."

"हो."

"आणि माझ्या हातावर आहे ते?"

"तेच. तुमच्याकडूनच त्याला गेलं असणार. तान्हा होता तेव्हा."

सासूबाई पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"आणि तू हे तिकडे सांगणार."

तिने पाठ फ्रिजला टेकवली.

"कोणी विचारलंय का तुला?"

"नाही."

"कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही."

"मग गप्प बसायला तुझं काय जातं? तो गेला तेव्हा तर एक शब्द नाही काढलास. घर भरलं होतं माणसांनी आणि तू ओटा पुसत होतीस. आता बरं तोंड फुटलं."

ओटा तिने खरंच पुसला होता.

"तो वरती आहे, असं लोक म्हणतात ना, आपली समजूत घालायला," सासूबाई म्हणाल्या. "मला कधी पटलं नाही. आत्ता कुठे पटायला लागलं होतं."

फ्रिज घरघरला आणि बंद पडल्यासारखा शांत झाला.

"त्याचं नाव लागायचं तर काय ठरावं लागतं? तो कुठला शब्द आहे तुमचा?"

"परकं."

"म्हणजे त्याचं नाव लावायला आधी त्याला परकं म्हणायचं."

"हो, आई."

सासूबाईंनी मांडीवर नसलेली सालं झटकली.

"मग नको," त्या म्हणाल्या. "सांगून टाक."

ती उठायला लागली तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "आणि हे बघ, चूक कोणाची असं विचारलं, तर माझ्या हातचं होतं म्हणून सांग. त्याला बोल लावू नका म्हणावं."

दुसरा जोड, काढताना

हातमोजा काढताना आतली बाजू बाहेर येते. बाहेरच्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही.

प्रमुख आरशासमोर उभे होते. कोट शिंप्याकडून आला होता. बटण लागत होतं.

"या बाई. कसा दिसतोय? खरं सांगा."

"सर, घरचं आहे."

त्यांना आधी वाटलं ती कोटाबद्दल बोलतेय. मग त्यांच्या चेहऱ्यावरून ते एकेक पायरी खाली उतरत गेलेलं तिला दिसलं.

"कोणाचं?"

"आमचं."

"ते कळलं. पण नेमकं कोणाच्या हातचं?"

"त्याच्या आईच्या."

तिने यंत्राचे दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि सांगायला लागली. प्रमुख कोट घालूनच खुर्चीत बसले. पोटावरचं कापड ताणलं गेलं. ऐकून झाल्यावर त्यांनी कागद हातातही घेतले नाहीत. ती चुकत नसे, हे त्यांना माहीत होतं.

"चुलत नातं वगैरे मी टीव्हीवर बोललो हो," ते म्हणाले.

"नातं आहेच, सर. सख्खं आहे."

त्यांनी बटण काढलं. मग काय झालं कुणास ठाऊक, पुन्हा लावलं. "मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. माहिती आहे ना तुम्हाला?"

"हो, सर."

"तेवढं बघून गेलो असतो, तर बरं झालं असतं." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले. खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा होती, दुसरं काही नव्हतं.

सासूबाईंचा निरोप तिने शब्दाला शब्द पोचवला होता. जाहीर निवेदनात तो आला नाही. तिथे आलं, जोडणीच्या वेळची मानवी चूक. नाव नव्हतं कोणाचं. पण नाव आधीच सगळ्यांना सांगून झालं होतं, त्यामुळे कोणाला शोधावं लागलं नाही. ज्या पडद्यावर त्याचा फोटो फुलं लावल्यासारखा दाखवत होते, त्याच पडद्यावर तोच फोटो आता दुसऱ्या कारणाने दाखवू लागले. फोटोत तो हसत होता, दोन्ही वेळा.

दुभाष्या तिच्या टेबलापाशी येऊन उगाच पेन चाळवत उभा राहिला.

"ताई, मी चेष्टा केली होती त्या दिवशी. प्रवास बरा झाला ना वगैरे. मला माहीत नव्हतं."

"राहू दे रे."

"झाला का पण?"

तिने वर पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. एवढ्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तो आपल्या कामाचा प्रश्न विचारत होता.

"झाला," ती म्हणाली. "बरा झाला."

पहिला जोड, काढायच्या आधी

घरचं ठरलेलं ठेवत नाहीत. बशी वाफेच्या पात्रात घालायची, झाकण आवळायचं, काटा वर जाईपर्यंत थांबायचं. हा नियम तिनेच लिहिला होता, आणि तो लिहिताना काय शब्द वापरले होते तेही तिला आठवत होतं: कोणत्याही कारणास्तव.

ती बशी घेऊन उभी राहिली. मोज्यातून उबेचा पत्ता लागत नव्हता.

दवाखान्यातही असंच. शेवटी-शेवटी त्याच्या रक्तात काही जोर उरला नव्हता. साध्यातल्या साध्या जंतूनेही तो गेला असता, म्हणून त्याच्या खोलीत जायचं तर टोपी, मास्क, झगा, हातमोजे. नर्स म्हणाली, "तुम्हाला बाई काही शिकवावं लागत नाही." तिने आत जाऊन त्याचा हात धरला.

"मोजा काढ ना, बोळेबाई."

"वेडा आहेस का?"

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. पुढे दोन दिवस तो आणखी बरंच काही बोलला असेल, पाणी दे, उशी नीट कर. तिच्या लक्षात राहिलं ते बरं.

तिने बशी पात्रात ठेवली. झाकण आवळलं. काटा हळूहळू चढला, तिथे थांबला, आणि मग पात्राने वाफ सोडली. लांब, एका दमात.

हात

टीव्ही बंद होता. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांच्या हातांत सोलायला काही नव्हतं. ती बेसिनपाशी न थांबता तशीच आत आली, तेव्हा त्यांनी मान वळवली.

"हात धुतलेस?"

"नाही."

"बरी आहेस ना?"

ती त्यांच्या शेजारी बसली. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादीवरच्या चादरी झटकत होतं. दोघी तिकडे बघत राहिल्या.

"झालं?"

"झालं."

"दुखत असेल का गं त्यांना? असं वाफेत?"

"नाही, आई. त्यांना काही कळत नाही."

"तुला काय माहीत," सासूबाई म्हणाल्या. भांडायच्या सुरात नव्हे.

मग तिने हात पुढे केला. नुसता मांडीवरून उचलून मध्ये ठेवला. सासूबाईंनी तो बघितला, आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या नखांच्या कडा मटारांनी हिरवट झालेल्या होत्या. तळवे उबदार होते आणि थोडे ओलसर.

"केवढे कोरडे झालेत तुझे हात. सालपटं निघतायत." त्या अंगठ्याने तिचा तळहात चोळत राहिल्या, मनगटापासून बोटांपर्यंत आणि परत. "लागेल का हे तुला? माझं?"

धुऊन धुऊन गेलेल्या हातावर असलं काही सहसा धरत नाही. धरलं तरी टिकत नाही. ते ज्या हातांवर टिकून होतं, ते हात आता म्हातारे झाले होते. हे सगळं तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"बघू," ती म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.